मफलरवाला सही करत नाही

दुरुस्ती परवाना विभागाच्या मुख्य कारकुनाला सगळं ऑफिस बघूकाका म्हणायचं. हे नाव ठेवलं कोणी, असं विचारलं तर कोणी पुढे येत नसे, कारण ते सगळ्यांनी मिळूनच ठेवलं होतं. शहरात कोणाला भिंतीचा तडा बुजवायचा असो, छप्पर बदलायचं असो की जिना वळवायचा असो, आधी या विभागाची परवानगी लागायची, आणि त्या परवानगीवर शेवटची सही बघूकाकांची असायची. खिडकीशी माणूस आला की काका मान वर करून त्याच्याकडे अशा आपुलकीनं पाहत, की त्या बिचाऱ्याला वाटे, झालं आपलं काम. मग काका कागद हातात घेत, उलटा करून मागची कोरी बाजू वाचल्यासारखं करत, पुन्हा सुलटा करत आणि म्हणत, "बघू."

या 'बघू'मध्ये नकार नव्हता, आणि उर्मटपणा तर औषधालाही नव्हता. एका बाईंनी मागच्या भिंतीचा तडा बुजवायची परवानगी मागितली होती; सही व्हायच्या आधी भिंतच पडली. काकांना अगदी मनापासून वाईट वाटलं. त्यांनी बाईंना आत बोलावून खुर्ची दिली, पाणी दिलं आणि समजावून सांगितलं की भिंतच उरली नाही म्हटल्यावर ही आता दुरुस्ती राहिली नाही, हे नवीन बांधकाम झालं, आणि त्याचा विभाग वरच्या मजल्यावर आहे. जिन्यापर्यंत ते सोडायलाही गेले.

बरं, काका रिकामे बसलेत असं कधी कोणाला दिसलं नाही. सकाळी आल्या आल्या ते टेबल पुसत. शाईचे पॅड ओले करत. पेन्सिलींना टोक काढत, आणि एक टोक मोडलं की सगळ्यांना पुन्हा एकसारखं टोक काढत. मफलर सारखा करत. हा मफलर ते ऐन उन्हाळ्यातही गळ्यात घालत, कारण पंखा थेट मानेवर येतो आणि खुर्ची हलवायचं बऱ्याच वर्षांपासून चाललं होतं. संध्याकाळी घरी जाताना ते खरोखर दमलेले असत.

अशा या विभागात मोठे साहेब एकदा कुठल्याशा प्रशिक्षणाला जाऊन आले आणि येताना चालढकल निर्मूलनाचं खूळ डोक्यात घेऊन आले. त्यासाठी लगेच बैठक बोलावली गेली. साहेबांना वेळ नसल्यामुळे ती पुढे ढकलली गेली. मग पुन्हा ढकलली गेली. शेवटी झाली तेव्हा साहेबांच्या शेजारी तिशीतली एक बाई बसली होती. आखूड केस, पाठीवर पिशवी, पायांत बूट. साहेबांनी ओळख करून दिली, "या गंभीर खेळ बनवतात."

"म्हणजे पत्ते वगैरे का?" रेकॉर्डवाल्यानं मोठ्या आशेनं विचारलं.

"नाही हो," बाई हसली. "विमान चालवणारा आधी खोट्या विमानात बसून शिकतो ना, त्यातलाच हा प्रकार. खेळ असतो, पण खेळता खेळता काहीतरी कळावं म्हणून तो केलेला असतो. आपण कामं का पुढे ढकलतो, हे भाषण ऐकून कळत नाही. ते करून पाहावं लागतं."

"करून पाहण्याच्या बाबतीत आम्ही कुठे कमी पडलोय असं वाटत नाही," मागून कोणीतरी पुटपुटलं.

खेळवाली पुढे म्हणाली, "खेळ खरा वाटायला हवा. म्हणून मला एक माणूस द्या. मी त्याच्या शेजारी बसून नुसतं पाहणार."

खुर्च्या करकरल्या. सगळी बैठक एकदम बघूकाकांकडे वळली. साहेब घसा खाकरून म्हणाले, "काका, तुम्ही म्हणजे या विभागाची शान आहात." काकांना हा मान नेमका कशाबद्दल मिळतोय ते कळलं होतं, पण मान तो मानच. दुसऱ्या दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालून आले.

खेळवाली त्यांच्या टेबलाशेजारी स्टुलावर बसू लागली. काकांना आधी अवघडल्यासारखं झालं, मग आवडायला लागलं. इतक्या वर्षांच्या नोकरीत ते काय करतात याकडे कोणी कौतुकानं पाहिलं नव्हतं. बायकोनं तर नाहीच नाही. ते उत्साहानं समजावून सांगू लागले. "हे बघा मॅडम, हा कागद. याला आत्ता हात लावायचा नाही."

"का?"

"चहा व्हायचाय."

चहानंतर खेळवालीनं त्याच कागदाकडे बोट दाखवलं. काका म्हणाले, "आता कसं आहे, जेवणाची सुट्टी तोंडावर आलीय. अर्धवट सोडण्यापेक्षा न केलेलं बरं." जेवणानंतर डोळ्यांवर झापड होती, आणि झापड उतरेपर्यंत दिवस उतरला. यात लबाडी कुठेच नव्हती. प्रत्येक वेळी काकांना आपलं म्हणणं शंभर टक्के पटलेलं असे.

एकदा खेळवाली म्हणाली, "काका, राग नाही ना येणार? मला वाटत होतं तुम्ही आळशी असाल. पण आळशी माणूस इतक्या पेन्सिली तासत नाही. तुम्ही घाबरता."

"मी? आणि कोणाला?"

"सहीला. पेन कागदाजवळ नेलं की तुमचा श्वास अडकतो. मी पाहिलंय. सही केली की ती गोष्ट झाली, ती काही परत घेता येत नाही. मग तुम्ही पेन्सिल उचलता आणि तुमचा श्वास मोकळा होतो. ते बरं वाटणं आहे ना, त्याच्यापायी माणूस ढकलत राहतो. कामाला तो भीत असतो आणि नाव मात्र वेळेचं पुढे करतो."

काकांना राग आला. आळशी म्हटलं असतं तर चाललं असतं. आळशी असण्यात थोडा तरी ऐटबाजपणा आहे. भित्रा म्हणजे फारच झालं. ते म्हणाले, "बघू," आणि रबराचे शिक्के रंगांप्रमाणे लावायला घेतले.

घरी गेल्यावर त्यांनी हे बायकोला सांगितलं. बायको हसलीसुद्धा नाही. "त्या बाईला आपल्या घरी आणा," ती म्हणाली. "इथे तिला दोन खेळ मिळतील."

तिचा रोख कशावर होता ते काकांना पक्कं ठाऊक होतं. त्यांची एकुलती एक लेक चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचं काम करायची. मागच्या वर्षी जेवताना तिनं सांगितलं होतं की पोहायला शिकवणारा एक मुलगा आहे आणि तिला त्याच्याशी लग्न करायचंय. मुलगा घरीही येऊन गेला. साधा, हसरा, केसांना कायम तलावाच्या पाण्याचा वास. काकांना तो आवडला. तो गेल्यावर लेकीनं विचारलं, "मग बाबा?" आणि काका म्हणाले, "बघू." मुलाचे वडील शिंपी होते. त्यांना एकदा भेटून यायचं, एवढंच बाकी होतं. तेव्हापासून ते बाकीच होतं.

"तुमच्या मनात आहे तरी काय?" बायको अधूनमधून विचारायची.

"मी नाही म्हटलंय का?"

"हो तरी कुठे म्हटलंय?"

यावर काका गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालायला उठत. त्यांच्या कुंड्यांतली रोपं पाणी जास्त होऊन कुजत होती.

यथावकाश खेळ तयार झाला. यथावकाश म्हणजे ठरल्या तारखेला. खेळवालीनं ही तारीख पाळल्यामुळे साहेबांची थोडी पंचाईतच झाली, कारण उद्घाटनाचा फलक अजून छापायला गेला नव्हता. फलकाशिवायच उद्घाटन उरकलं. प्रत्येकाला एकेक टॅब मिळाला.

खेळाचे दोन भाग होते. पहिल्या भागात तुम्ही अर्जदार. तुमच्या घराचं छप्पर गळतंय, खाली बादली ठेवलीय, बादली हळूहळू भरतेय, आणि तुम्ही खिडकीसमोर रांगेत. खिडकीच्या आत मिशीवाला, गळ्यात मफलर घातलेला एक माणूस. तो प्रेमानं पाहतो आणि म्हणतो, 'बघू.' दुसऱ्या भागात तुम्ही आत बसलेले. समोर कागदांचा ढीग. ड्रॉवर आवरला की 'टिंग' असा गोड आवाज होऊन एक गुण मिळे. पेन्सिलीला टोक काढलं, टिंग. सही करायला बोट नेलं की मात्र छाती धडधडल्याचा आवाज येई, पडदा थरथरे, आणि गुण मिळत ते खूप उशिरा, बादलीत पडणारं पाणी थांबल्यावर. ड्रॉवरचे गुण पहिल्या भागातल्या बादलीत पाणी बनून पडत होते, हे खेळणाऱ्याच्या हळूहळू ध्यानात यावं, अशी सगळी योजना होती.

खेळ ऑफिसला बेहद्द आवडला. पहिल्या दिवसापासून सगळा विभाग माना खाली घालून खेळू लागला. खिडकीबाहेर खरी रांग वाढत वाढत जिन्यावर गेली, आणि आत मंडळी पडद्यावरच्या रांगेत उभी राहून हळहळत होती. "अरेरे, काय हाल होतात हो लोकांचे!" टंकलेखनवाल्या बाई डोळे पुसत म्हणाल्या. काचेवर कोणी टकटक केली की त्या हात वर करत, "थांबा हो! प्रशिक्षण चाललंय."

साहेबांच्या खोलीत सगळ्यांचे गुण एका पडद्यावर दिसत. ते दिवसेंदिवस चढत होते. साहेबांनी वर कळवलं की विभागातली चालढकल जवळजवळ संपुष्टात आलीय. कामं किती झाली असं वरून कोणी विचारलं नाही.

खेळले नव्हते ते एकटे बघूकाका. त्यांनी टॅब नीट पुसून ड्रॉवरमध्ये ठेवला होता. शेवटी रेकॉर्डवाल्यानं डिवचलं, "काका, तुमच्यावरच केलाय, आणि तुम्हीच घाबरताय?" हा शब्द पुन्हा आला म्हटल्यावर काकांनी टॅब बाहेर काढला.

त्यांची बादली भरायला लागली. ते रांगेत उभे राहिले. मफलरवाला म्हणाला, 'बघू.' काका म्हणाले, "ठीक आहे, माणूस कामात असेल." दुसऱ्यांदा तो म्हणाला, चहानंतर या. तिसऱ्यांदा तो मान खाली घालून पेन्सिल तासत होता. बादली काठोकाठ भरली, पाणी जमिनीवरून पलंगाखाली गेलं, आणि पडद्यावरचा मफलरवाला टोक मोडलं म्हणून दुसरी पेन्सिल घ्यायला वळला. बघूकाका खुर्चीवरून ताडकन उठले आणि ओरडले, "अरे, सही कर ना मेल्या! काय हात झडलेत का तुझे?"

ऑफिसात असा काही हशा उसळला की बाहेरच्या रांगेतले लोकही आत काय झालं ते कळलं नसताना हसू लागले. काका कानापर्यंत लाल झाले. टॅब पिशवीत टाकून ते त्या दिवशी वेळेआधी घरी गेले.

जेवण झाल्यावर लेकीनं पिशवीतला टॅब पाहिला. "हाच का तो खेळ? बघू दे ना बाबा." ती सोफ्यावर मांडी घालून बसली. काका वर्तमानपत्राआडून पाहत होते. ही कधी चिडते याची ते वाट पाहत होते. आपण एकटेच काही वेडे नाही, एवढं त्यांना सिद्ध करायचं होतं. मफलरवाल्यानं तिला परत पाठवलं. पुन्हा पाठवलं. बादली भरून वाहिली. लेक शांत होती. तिनं तांब्यातलं पाणी प्यायलं आणि पुन्हा रांगेत उभी राहिली.

"तुला राग नाही येत त्याचा?" शेवटी न राहवून काकांनी विचारलं.

"सवय आहे बाबा," ती पडद्यावरची नजर न काढता म्हणाली.

टोमणा असता तर काकांनी परतवला असता. पण ती सहज बोलून गेली होती. आपण काय बोललो ते तिच्या लक्षातही आलं नव्हतं. स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज होत होता तोही थांबला. काकांनी वर्तमानपत्र डोळ्यांसमोर तसंच धरून ठेवलं आणि त्यांना एक अक्षर दिसेना.

दुसऱ्या दिवशी काका ऑफिसात गेले ते कोणाशी न बोलता. टेबल पुसलं नाही. पेन काढलं आणि वरच्या कागदावर सही ठोकली. मग खालच्या. जेवणाची सुट्टी झाली, काका उठले नाहीत. चहा आला, गार झाला. काही दिवसांत त्यांनी अख्खा ढीग उपसला, मग शेजारच्या टेबलावरचा मागून घेतला. लोकांना अर्ज केल्या दिवशी परवानगी मिळू लागली आणि शहरात घबराट पसरली. एक गृहस्थ परवानगीचा कागद घेऊन उलट पावली परत आले. "साहेब, यात काहीतरी चुकलंय," ते म्हणाले. "मी आत्ताच तर दिला होता. जरा नीट बघा ना." एका जोडप्याकडे छपरासाठी लागणारं सामानच तयार नव्हतं; त्यांनी सरळ भांडण काढलं. "दोन वर्षं तरी लागतील असं धरून चाललो होतो आम्ही. अशी फसवणूक करतात का?"

साहेब हर्षभरित झाले. खेळाचा चमत्कार म्हणून त्यांनी काकांचा सत्कार ठेवला. हार, टाळ्या, फोटो. आता छापून आलेला तो उद्घाटनाचा फलकही मागे लावला, वाया जाऊ नये म्हणून. समारंभ संपल्यावर खेळवाली काकांच्या टेबलाशी आली. ती हसत नव्हती.

"काका, रविवारीसुद्धा ऑफिसला आला होतात म्हणे?"

"काम असतं हो."

"पूर्वी सही टाळायला पेन्सिली तासायचात. आता सह्या करताय. काय टाळायला?"

काकांनी गळ्यातला हार काढला. त्यातलं एक फूल खुडून बोटांत फिरवलं. बोलावं की नाही असं झालं, पण समोरची बाई परकी होती आणि परक्या माणसाला सांगणं सोपं असतं. "एका शिंप्याकडे जायचंय," ते म्हणाले. "लेकीच्या लग्नाचं बोलायला. मुलगा चांगलाय. काही म्हणजे काही अडचण नाही."

"मग?"

"मग ती जाईल ना." काकांनी फूल टेबलावर ठेवलं. "संध्याकाळी कुलपात किल्ली फिरल्याचा आवाज आला की मी हिला सांगतो, आली बघ. रोज. रोज सांगतो. ते कोणाला सांगू मग?"

खेळवालीनं हातातल्या घड्याळाकडे पाहिलं आणि विचारलं, "शिंप्याचं दुकान किती वाजता बंद होतं?"

काका उठले.

शिंप्याचं दुकान एका अरुंद गल्लीत होतं. आत अर्धवट शिवलेले कपडे खुंट्यांवर, दोऱ्यांवर, पंख्याच्या दांड्यावरसुद्धा लटकत होते. गळ्यात मापाची पट्टी घातलेल्या गोल माणसानं काकांकडे पाहिलं आणि काही बोलायच्या आत त्यांच्या खांद्याला पट्टी लावली. "कोट ना? हात वर करा."

"कोट नाही. मी मुलीचा बाप."

शिंप्याचे हात खाली आले. "अरे बाप रे," तो म्हणाला. "आलात का तुम्ही?" आणि मग घाईनं, "नाही, म्हणजे आनंद झाला. बसा. पण एवढी काय घाई होती?"

काका चक्रावले. "घाई? वर्ष होऊन गेलं!"

"तेच म्हणतोय, इतकं छान चाललं होतं." शिंप्यानं स्टुलावरचे कापडाचे तुकडे बाजूला सारले. "खरं सांगू? तुमच्याकडून निरोप येत नव्हता तेव्हा मी रोज देवाचे आभार मानत होतो. घरात आम्ही दोघंच. पोरगा स्वयंपाक झकास करतो. लग्न झालं की वेगळा राहायला गेला तर मी खाऊ काय? म्हणून मीही त्याला म्हणत होतो, त्यांच्याकडून येऊ दे, मग बघू."

काकांनी त्या माणसाकडे पाहिलं. त्याचा हात धरून हलवावा की कानाखाली द्यावी हे त्यांना ठरवता येईना. दोघांनी चहा प्यायला. लग्न कधी ठेवायचं यावर बोलायचं ठरलं. त्याआधी हवेवर बोलणं झालं, मग हल्लीच्या कापडावर, मग शिंप्याच्या गुडघ्यावर. गप्पा इतक्या रंगल्या की काकांना बऱ्याच दिवसांत असं मोकळं वाटलं नव्हतं. आणि त्या मोकळेपणानंच त्यांना एकदम जागं केलं. हीच ती पेन्सिल. त्यांनी कप खाली ठेवला. छाती धडधडायला लागली, अगदी त्या टॅबमधल्यासारखी.

"पुढचा महिना," ते मोठ्यांदा म्हणाले. "पुढच्या महिन्यात लग्न. माझं ठरलं."

शिंप्यानं डोळे मिटून घेतले. "बरं," तो बारीक आवाजात म्हणाला. "पुढचा महिना."

दोन्ही बाप इतके दमले की भिंतीला टेकून बसले. तेवढ्यात दार ढकलून लेक आणि तिचा पोहणारा आत आले. बापाला तिथं पाहून लेक उंबऱ्यातच थबकली.

"ये," काका उभे राहिले. आवाज शक्य तितका भारदस्त काढत त्यांनी सांगितलं, "आमचं ठरलंय. पुढच्या महिन्यात तुमचं लग्न."

लेकीनं मुलाकडे पाहिलं. मुलानं आपल्या बुटांकडे पाहिलं.

"बाबा," ती म्हणाली, "आम्ही नोंदणी केलीय. चैत्रातच केली."

"केली म्हणजे?"

"म्हणजे लग्न झालंय. तुम्हाला सांगायचंच होतं. दर रविवारी ठरवायचे, आज सांगते. मग वाटायचं, आज नको, आज बाबा जरा बरे दिसतायत." ती रडवेली झाली. "मला भीती वाटत होती हो."

"आणि आई?"

"आई साक्षीला होती."

काका पुन्हा स्टुलावर बसले. रागवावं असं त्यांना खूप वाटलं. पण राग येतो येतो म्हणेपर्यंत त्याच्या खालून दुसरंच काहीतरी वर आलं. एवढे महिने ती लग्न झालेली पोर रोज संध्याकाळी कुलपात किल्ली फिरवून घरी येत होती, आपल्याला एकटं वाटू नये म्हणून. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते पुसायला त्यांनी शिंप्याच्या दोरीवरचा कोणाचा तरी अर्धा सदरा ओढला. शिंपीही दुसऱ्या बाहीला डोळे लावून बसला होता.

"राहणार कुठे तुम्ही?" सदरा परत दोरीवर टाकत काकांनी विचारलं.

"इथेच वर. माडीवर एक खोली आहे." मुलानं छताकडे बोट केलं. "म्हणजे बाबांचं जेवणही होईल. आणि तुमचं घर इथून दोन गल्ल्यांवर. रोज येता येईल."

"दोन गल्ल्या?" काकांनी विचारलं. वर्षभर ज्या अंतराच्या धास्तीनं ते कुंड्या बुडवत होते, ते अंतर त्यांनी एकदाही कोणाला विचारलं नव्हतं.

"मग हे खालचं कपाट आज वर न्यायला हवं," मुलगा चाचरत म्हणाला. "माझ्या आणि बाबांच्यानं हलायचं नाही ते. तुमची हरकत नसेल तर..."

काकांनी मफलर काढून काउंटरवर ठेवला. कपाट जुनं, लाकडी, भलतंच जड होतं आणि जिना अरुंद. मुलानं खालची बाजू घेतली, काकांनी वरची. शिंपी मागून सूचना देत होता, आणि त्याची प्रत्येक सूचना आधीच्या सूचनेच्या उलट होती. वळणावर कपाट अडकलं. लेक वरून ओरडली, "तिरकं करा! बाबा, तिरकं!" काकांनी ओठ आवळून ते तिरकं केलं, आणि भिंतीचा बराचसा गिलावा घेऊन कपाट वर गेलं.